पालिकेने आधी चांगलं गिऱ्हाईक व्हावं: सामाजिक उद्योगांना हातभार कसा लावायचा

पालिकेच्या टेबलावर सामाजिक उद्योग, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालणारे पण माल किंवा सेवा विकून कमावणारे उद्योग, हा विषय बहुतेक वेळा एखाद्या परिपत्रकातून येतो. कुणी अधिकारी नव्यानं रुजू झालेला असतो, कुणी पहिल्यांदाच निवडून आलेला असतो, आणि ‘या क्षेत्राला प्रोत्साहन द्यावे’ एवढ्या एका ओळीवर त्याला काम सुरू करायचं असतं. मग ठरलेल्या गोष्टी होतात. मेळावा भरतो, पुरस्कार वाटले जातात, अनुदानाची एक योजना निघते आणि बातमी छापून येते. वर्षभरानं पाहावं तर उद्योग होते तेवढेच असतात आणि त्यातले निम्मे त्याच अडचणींशी झगडत असतात.

हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. मुख्य म्हणणं आधीच सांगतो. पालिका दरवर्षी जे काही विकत घेते, ते कुणाकडून घेते आणि त्याचे पैसे किती दिवसांत देते, यावर या क्षेत्राचं जेवढं अवलंबून आहे तेवढं कुठल्याही अनुदानावर नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये निविदा आणि बिलं यांनाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीला: कुणाला सामाजिक उद्योग म्हणायचं

व्याख्येवर महिनोन्‌महिने खल करू नका, पण ती कागदावर आणल्याशिवाय पुढेही जाऊ नका. तीन प्रश्न पुरतात. संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग माल किंवा सेवा विकून येतो का? तिचा सामाजिक हेतू तिच्या नियमावलीत लिहिलेला आहे का, की फक्त माहितीपत्रकात? आणि नफा उरला किंवा संस्था बंद पडली, तर पैसा आणि मालमत्ता कुठे जाणार, यावर काही बंधन आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. ब्रिटनमध्ये २००५ साली ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ हा कंपनीचा वेगळा प्रकार सुरू झाला, त्याच्या मुळाशी हेच बंधन आहे: मालमत्ता समाजाच्या कामाबाहेर वळवता येत नाही. इटलीनं १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्यानं सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार केले. पहिल्या प्रकारातल्या संस्था आरोग्य, शिक्षण, देखभाल अशा सेवा देतात. दुसऱ्या प्रकारातल्या कुठलाही व्यवसाय करू शकतात, पण त्यांच्या कामगारांपैकी किमान ३० टक्के अशा गटांतले असावे लागतात ज्यांना एरवी नोकरी मिळणं अवघड जातं. दक्षिण कोरियानं २००७ च्या कायद्यानं सरकारी प्रमाणपत्राची पद्धत आणली.

तुमच्या देशात असा स्वतंत्र कायदा नसेल तर अडून बसू नका. सहकारी संस्था, विश्वस्त संस्था, नफा न वाटणारी कंपनी, बचत गटांचा महासंघ, यांपैकी कुठल्याही रूपात सामाजिक उद्योग असू शकतो. नोंदणीचा प्रकार पाहून निकाल देऊ नका, नियमावली वाचा. मोठ्या कंपनीचा समाजकार्याचा विभाग, फक्त देणग्यांवर चालणारी संस्था आणि पालिकेनंच काढलेली कंपनी या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्या असतील, पण या यादीत त्या बसत नाहीत.

पहिली पायरी: शहरात कोण आहे ते शोधा

‘आमच्या शहरात असं फारसं कुणी नाही’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. ते बहुधा खोटं असतं. हे उद्योग कुठल्याही एका नोंदवहीत सापडत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. स्कॉटलंडनं २०१५ साली पहिल्यांदा सामाजिक उद्योगांची देशभर गणना केली तेव्हा ५,१९९ सापडले. २०१९ च्या गणनेत तो आकडा ६,०२५ झाला. मोजायला बसल्याशिवाय कुणालाच अंदाज नसतो.

शहराच्या पातळीवर एवढा मोठा पसारा लागत नाही. घनकचरा, आरोग्य, महिला व बालकल्याण, अपंग कल्याण, उद्यान आणि शिक्षण या खात्यांतल्या खालच्या फळीच्या कर्मचाऱ्यांशी बोला. प्रभागातल्या मुकादमाला जे माहीत असतं ते मुख्यालयात कुणाला माहीत नसतं. मिळालेल्या प्रत्येक संस्थेला फोन करा किंवा भेटा, आणि मोजकंच विचारा: काय विकता, काम कोण करतं, घेतं कोण, आणि गेल्या वर्षी कुठलं काम हातचं गेलं व का गेलं. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांतूनच तुमचा पुढचा कार्यक्रम तयार होतो. लांबलचक ऑनलाइन अर्ज पाठवू नका. ज्यांच्याकडे अर्ज भरायला वेगळा माणूस आहे तेच तो भरतील, आणि तुमची यादी पहिल्या दिवसापासून एका बाजूला कलेल.

यादीत नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे यादीच्या वरच लिहून ठेवा. नाहीतर तीच यादी पुढे लोक प्रमाणपत्रासारखी दाखवत फिरतात.

दुसरी पायरी: स्वतःचा खर्च वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण ती कंटाळवाणी आहे. लेखा विभागाकडून गेल्या तीन वर्षांत चुकती केलेली बिलं मागवा. प्रत्येक ओळीत पुरवठादार, रक्कम, विषय, पुरवठादाराचा पत्ता आणि करार संपण्याची तारीख एवढं हवं. साधी स्प्रेडशीट चालते.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरानं हे केलं, आणि का केलं तेही सांगण्यासारखं आहे. शहराच्या मध्यभागी होऊ घातलेला सुमारे ७० कोटी पौंडांचा बाजारसंकुलाचा प्रकल्प २०११ मध्ये कोसळला. बाहेरून कुणी येऊन गुंतवणूक करील ही आशा संपली, तेव्हा नगर परिषदेनं आपल्याच शहरातल्या मोठ्या सार्वजनिक संस्था काय आणि कुठून विकत घेतात हे तपासलं. २०१२-१३ मध्ये या संस्था वर्षाला सुमारे ७५ कोटी पौंडांची खरेदी करत होत्या आणि त्यातले जेमतेम ५ टक्के शहरात राहत होते. २०१६-१७ पर्यंत ते प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. त्यासाठी नवा कर लावावा लागला नाही की वेगळा निधी उभारावा लागला नाही. आधीपासून होत असलेला खर्च वेगळ्या वाटेनं गेला. तिथला सगळा वाढीव पैसा सामाजिक उद्योगांना मिळाला असं नाही, स्थानिक खासगी व्यावसायिकांनाही मिळाला. पण तपासण्याची पद्धत तीच.

तुमच्या तक्त्यात दोन गोष्टींवर खूण करा. एक, अशी कामं ज्यांत माणसांचे हात जास्त लागतात आणि यंत्रं कमी: इमारतींची स्वच्छता, बागांची देखभाल, गणवेश शिवणं, छपाई, फर्निचर दुरुस्ती, जुन्या विजेच्या वस्तूंची विल्हेवाट, सभांचं खानपान, वृद्धांची घरी जाऊन देखभाल, जुने कागद संगणकावर उतरवणं. दोन, यांपैकी ज्यांचे करार येत्या दीड वर्षात संपणार आहेत ती. दुसऱ्या खुणेची कामं हाच तुमचा खरा कार्यक्रम. करार संपायच्या महिनाभर आधी जाग आली तर जुन्यालाच मुदतवाढ मिळते, हा सगळीकडचा अनुभव.

हेच रुग्णालयं, महाविद्यालयं, वीज आणि पाणी पुरवणाऱ्या संस्था यांच्याकडूनही मिळालं तर उत्तम. पण सुरुवातीला त्यांच्यामागे धावू नका. स्वतःचा तक्ता हातात असल्याशिवाय दुसऱ्याला त्याचा तक्ता मागता येत नाही.

तिसरी पायरी: निविदेतले अडसर काढा

इथे वेळ द्या. सामाजिक उद्योग निविदेत हरतात ते बऱ्याचदा दरामुळे नाही. ते दारातच अडतात.

पहिला अडसर उलाढालीच्या अटीचा. छोट्या कामासाठीही ‘मागील तीन वर्षांत अमुक इतकी वार्षिक उलाढाल’ अशी अट जुन्या निविदेतून उचलून चिकटवलेली असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशानं यावर मर्यादा घातली: मागितलेली वार्षिक उलाढाल कामाच्या अंदाजित किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि खास कारण असेल तर ते लिहून द्यावं. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी हा नियम खात्याच्या पातळीवर पाळायला सहसा कुणाची हरकत नसते.

दुसरा अडसर आकाराचा. सगळ्या शहराच्या स्वच्छतेची एकच निविदा काढली की ती भरू शकणारे दोन-तीनच उरतात. तोच युरोपीय निर्देश म्हणतो की काम तुकड्यांत विभागा, आणि विभागत नसाल तर का नाही ते नोंदवा. कारण लिहायला लागलं की सवय बदलते. प्रभागवार, इमारतींच्या गटांनुसार किंवा कामाच्या प्रकारानुसार विभागणी करता येते. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही देशांत मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे करणं हा गुन्हा असतो. म्हणून सगळे तुकडे एकाच जाहिरातीत, एकाच मंजुरीखाली ठेवा आणि वित्त व विधी विभागाची लेखी संमती आधी घ्या.

तिसरा अडसर अनामत रक्कम आणि बँक हमी. ज्या संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांच्या पगाराएवढेही पैसे नसतात, तिला मोठी रक्कम वर्षभर अडकवून ठेवायला सांगणं म्हणजे नको म्हणणंच. छोट्या कामांत अनामत माफ करता येते, किंवा प्रत्येक बिलातून थोडी थोडी कापून ती जमवता येते. दुसरा मार्ग पालिकेसाठी तितकाच सुरक्षित आहे आणि तो मंजूर करून घेणं सोपं जातं.

चौथा अनुभवाचा. ‘सरकारी कामाचा अनुभव’ मागितला की नवा माणूस कधीच आत येऊ शकत नाही. ‘तशाच स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ एवढंच म्हणा, आणि खासगी ग्राहकाचं पत्रही ग्राह्य धरा.

हे अडसर काढल्यावरच गुणांकनाकडे, म्हणजे आलेल्या निविदांना गुण देण्याच्या पद्धतीकडे, वळा. ब्रिटनच्या २०१२ च्या सामाजिक मूल्य कायद्यानं सार्वजनिक संस्थांवर एक कर्तव्य टाकलं: सेवांची मोठी खरेदी करण्याआधी त्यातून परिसराचं आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय भलं कसं होईल याचा विचार करावा. ‘विचार करावा’ हे शब्द मवाळ होते आणि अनेक ठिकाणी विचार करून विषय संपला. २०२१ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या खात्यांनी मोठ्या खरेदीत सामाजिक मूल्याला एकूण गुणांपैकी किमान १० टक्के ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते १० टक्क्यांच्या खालचं वजन शोभेचं असतं, त्यानं क्रमवारी कधी हलत नाही. आणि गुण कशाला द्यायचे तेही नेमकं लिहा: किती वंचित माणसांना किती तासांचं पगारी काम, कुठल्या वेतनावर, किती काळ. ‘समाजाप्रती बांधिलकी’ यावर गुण ठेवलेत तर ते छान निबंध लिहिणाऱ्या मोठ्या कंपनीला मिळतील. असे निबंध लिहून देणारे सल्लागार आता सगळीकडे आहेत.

त्याही पुढची पायरी राखीव कामांची. युरोपीय निर्देशात दोन सोयी आहेत. ज्या संस्थेचे किमान ३० टक्के कामगार अपंग किंवा वंचित गटांतले आहेत, तिच्यासाठी काम राखून ठेवता येतं. काही सामाजिक, आरोग्य आणि सांस्कृतिक सेवा अशा संस्थांसाठी राखता येतात ज्या नफा आपल्या हेतूतच गुंतवतात. पण तो करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि गेल्या तीन वर्षांत याच पद्धतीनं तीच सेवा मिळालेल्या संस्थेला पुन्हा नाही. ब्राझीलनं २००७ च्या कायद्यानं कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना पुनर्वापराच्या मालाचं काम निविदेविना देण्याची मुभा पालिकांना दिली. तिथेच २००९ च्या कायद्यानं शालेय आहारासाठी येणाऱ्या केंद्राच्या पैशांपैकी किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करण्याचं बंधन घातलं आणि त्यासाठी निविदेऐवजी जाहीर आवाहनाची सोपी पद्धत ठेवली. दर आधीच जाहीर, स्पर्धा दरावर नाही. ज्यांना पहिल्यांदाच खरेदीच्या नियमांत हात घालायचा आहे त्यांनी हे शेवटचं उदाहरण नीट अभ्यासावं. टक्केवारी ठरवणारे पुष्कळ असतात, त्या टक्केवारीसाठी वेगळी खरेदीपद्धत आखणारे थोडे.

यातलं काहीच लगेच करता येत नसेल तर एक छोटं काम उद्यापासून करता येईल. निविदेच्या मर्यादेखालच्या खरेदीसाठी जिथे तीन दरपत्रकं मागवतात, तिथे किमान एक तुमच्या यादीतल्या संस्थेकडून मागवायचं, असा कार्यालयीन आदेश काढा. खरेदी त्यांच्याकडूनच करा असं तो म्हणत नाही, फक्त विचारा म्हणतो.

आणि काही उद्योगांना पालिकेचा पैसा नकोच असतो, काम करण्याचा हक्क हवा असतो. पुण्यात कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते आणि तिच्या सदस्यांना घरटी शुल्क नागरिकांकडून मिळतं. तिथे पालिकेनं द्यायचं ते वेगळं: ओळखपत्र, वर्गीकरणाची जागा, साधनं, आणि नागरिकांना स्पष्ट सूचना की शुल्क देणं ऐच्छिक नाही. हे शेवटचं दिलं नाही तर न मिळालेल्या शुल्काचा तोटा सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर पडतो.

चौथी पायरी: बिल किती दिवसांत निघतं

चांगली संस्था पालिकेचं काम मिळाल्यामुळेच बुडते, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण गणित सरळ आहे. काम मिळालं, माणसं घेतली, त्यांचा पगार दर महिन्याला. बिल मात्र पाच टेबलांवरून फिरत चौथ्या महिन्यात निघतं. मोठा कंत्राटदार मधल्या काळात बँकेच्या पैशावर तग धरतो. सामाजिक उद्योगाला बँक उभं करत नाही, म्हणून संचालक स्वतःचे दागिने ठेवतात किंवा कामगार उधारीवर जगतात.

कायदे याबाबतीत बरेच कडक आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सार्वजनिक संस्थांनी साधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तरीही बिलं रखडतात, कारण ज्याचं पालिका हेच एकमेव गिऱ्हाईक आहे तो पालिकेविरुद्ध तक्रार करीत नाही. म्हणून ही जबाबदारी तुमची.

एका जुन्या बिलाचा माग काढा. ते कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर आलं आणि कधी गेलं, याची नोंद काढली की कुठे अडतं ते लगेच कळतं. बहुतेक वेळा पैशांची टंचाई हे कारण नसतंच. काम झाल्याचा दाखला देणारा अभियंता किंवा आरोग्य निरीक्षक सही करायला वेळ लावतो, किंवा एखादं प्रमाणपत्र कमी आहे हे तिसऱ्या महिन्यात सांगितलं जातं. त्यावर उपाय असे: बिलासोबत लागणाऱ्या कागदांची यादी कार्यादेशासोबतच द्यावी. त्रुटी असेल तर ती सात दिवसांत, एकदाच, सगळ्या एकत्र कळवावी. दाखला ठरलेल्या मुदतीत नाकारला नाही तर तो दिला असं समजावं. वेतनाचाच मोठा भाग असलेल्या करारात दर महिन्याला ठरावीक हप्ता द्यावा आणि हिशेब तिमाहीला जुळवावा. नियमात बसत असेल तर सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि ती पुढच्या बिलांतून वळती करावी.

कोलंबियातल्या बोगोटा शहरानं २०१३ पासून कचरावेचकांना त्यांनी आणलेल्या मालाच्या वजनानुसार पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामागे न्यायालयाचा रेटा होता; आपणहून ते झालं नव्हतं. पण त्यातली कल्पना साधी आहे. मोजता येईल असं एकक ठरलं की दाखल्याचा वाद कमी होतो. वजन, तास, चौरस मीटर, भेटींची संख्या. जे सहज तपासता येईल ते एकक करारात घाला.

आणि छोट्या पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांत निघाली, हा एक आकडा दर तिमाहीला स्थायी समितीपुढे ठेवा. फक्त हाच एक आकडा मागणारा नगरसेवक दहा मेळाव्यांपेक्षा जास्त काम करून जातो.

पाचवी पायरी: जागा

प्रत्येक शहरात पालिकेच्या मालकीच्या रिकाम्या जागा असतात: बंद पडलेली शाळा, जुनं वाचनालय, उड्डाणपुलाखालचा पट्टा, पहिला मजला भरलेला आणि वरचा ओसाड पडलेला बाजार. त्यांची यादी मालमत्ता विभागाकडे असते, पण ती बाहेर येत नाही. ती जाहीर करणं हेच पहिलं काम.

जागा देताना भाड्यापेक्षा मुदतीकडे लक्ष द्या. वर्षभराच्या करारावर कुणी यंत्र बसवत नाही आणि कुठली बँक कर्ज देत नाही. भाडेपट्टा कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब हवा. सुरुवातीची दुरुस्ती संस्थेनं करायची असेल तर तो खर्च भाड्यातून वळता होईल असं लिहा, आणि जागा तिसऱ्याला पोटभाड्यानं देण्यावर बंदी घाला.

इंग्लंडच्या २०११ च्या लोकलिझम कायद्यानं रहिवाशांना एक हक्क दिला. समाजाच्या उपयोगाची इमारत ते यादीत नोंदवून घेऊ शकतात. ती विक्रीला निघाली की बोलीची तयारी करायला त्या कायद्यानं सहा महिन्यांचा अवधी ठेवला. इटलीतल्या बोलोन्यानं २०१४ मध्ये नियमावली केली, ज्यात नागरिक आणि पालिका मिळून सार्वजनिक जागांची निगा राखण्याचे करार करतात. दोन्हींत जागा फुकट वाटलेली नाही. जागा मागण्याची ठरलेली रीत मात्र आहे, त्यामुळे ओळखीपाळखीवर विसंबावं लागत नाही.

सहावी पायरी: पैसा

अनुदान वाईट नसतं. ते कुठे द्यायचं हे चुकतं. नव्या कल्पनेच्या चाचणीसाठी, पहिल्या यंत्रासाठी, हिशेबनीस नेमण्यासाठी एकदाच दिलेलं छोटं अनुदान उपयोगी पडतं. रोजचा खर्च भागवण्यासाठी दरवर्षी दिलेलं अनुदान संस्थेला विक्रीची सवय लागू देत नाही, आणि अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिलं तेच कापलं जातं.

वाढीच्या टप्प्यावर संस्थेला लागतं ते सबुरीचं कर्ज. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सामाजिक अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे सहकारी संस्था आणि सामाजिक उद्योग अशा संस्थांच्या, जाळ्यानं २००७ मध्ये एक विश्वस्त निधी उभारला. त्याच्या कर्जाची मुद्दल १५ वर्षांपर्यंत फेडावी लागत नाही. भागधारक नसलेल्या संस्थेला भांडवल मिळावं म्हणून ही युक्ती. पालिकेनं स्वतः कर्जवाटप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वसुलीची कला तिच्याकडे नाही आणि निवडणुकीच्या वर्षात ती आणखी हरवते. तिनं स्थानिक सहकारी बँकेला किंवा अशा निधीला काही भागाची हमी द्यावी आणि अर्जांच्या निवडीपासून दूर राहावं.

परिणामांवर आधारित रोख्यांबद्दल कुणी सादरीकरण घेऊन येईल. यात आधी खासगी गुंतवणूकदार पैसे घालतात आणि ठरलेला परिणाम साधला तरच सरकार ते परत करतं. अशा रोख्याचा पहिला प्रयोग २०१० मध्ये ब्रिटनच्या पीटरबरो तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांसाठी झाला आणि गुंतवणूकदारांचे पैसे परतही मिळाले. पण त्यामागे केंद्र सरकार, स्वतंत्र मूल्यमापक आणि वकिलांची फौज होती. सुरुवात करणाऱ्या शहरानं नम्रपणे चहा पाजून त्यांना निरोप द्यावा.

सातवी पायरी: नावापुरते सामाजिक उद्योग ओळखा

सवलत आली की मुखवटे येतात. नेहमीचा कंत्राटदार बायकोच्या किंवा ड्रायव्हरच्या नावानं महिलांची संस्था काढतो, काम तिच्या नावावर घेतो आणि स्वतःच करतो. नगरसेवकाच्या जवळच्या माणसाचा बचत गट अचानक सगळ्या निविदांत दिसू लागतो. हे टाळता येत नाही, पण महाग करता येतं.

कामगारांची यादी आणि त्यांच्या बँक खात्यांत गेलेलं वेतन, हा सगळ्यात खात्रीचा पुरावा. नियमावली कुणीही नक्कल करून आणेल, बारा महिन्यांची वेतनाची बँक नोंद तयार करणं अवघड असतं. अचानक भेट द्या आणि कामावर असलेल्या बायका-पुरुषांना विचारा, संस्थेची मागची सभा कधी झाली आणि अध्यक्ष कोण. सदस्यांना अध्यक्षाचं नाव सांगता येत नसेल तर चौकशी पुढे न्या. पोटकंत्राटाला लेखी मनाई ठेवा. आणि या सवलतींखाली कुणाला किती काम दिलं ते दर सहा महिन्यांनी जाहीर करा, कारण स्पर्धकांइतकी बारकाईनं तपासणी कुठलाही लेखापरीक्षक करत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. एका फसवणुकीची बातमी आली की सगळ्यांवर दहा नवे कागद लादले जातात. खोट्या संस्थेला ते कागद जमवायला एक दिवस लागतो, खऱ्या संस्थेला महिना.

आठवी पायरी: हिशेब

परिणाम मोजायची हौस आवरा. दोन पानांचा वार्षिक अहवाल पुरे: किती माणसांना काम मिळालं, वर्षभरानंतर त्यांतली किती टिकली, वेतन किती, पालिकेनं दिलेल्या कामाची गुणवत्ता कशी राहिली, आणि पालिका सोडून इतर ग्राहकांकडून उत्पन्नाचा किती भाग आला. हा शेवटचा आकडा दरवर्षी थोडा वाढायला हवा. सामाजिक परतावा पैशांत मांडणारी मोठी गणितं करायची असतील तर त्यांचा खर्च पालिकेनं द्यावा, संस्थेवर टाकू नये.

नववी पायरी: तुमची बदली होण्याआधी

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, २०११ नंतर सामाजिक अर्थव्यवस्थेला शहर सरकारचं मोठं पाठबळ मिळालं, २०१३ मध्ये खास मदत केंद्र उभं राहिलं आणि जगभरातली शहरं ते पाहायला गेली. २०२१ मध्ये महापौर बदलले, शहराचं धोरण बदललं आणि या कामांवरच्या खर्चाला कात्री लागली. त्यातली बरीच रचना वार्षिक अंदाजपत्रकातल्या मदतीवर उभी होती.

म्हणून जे करायचं ते तुमच्या नावावर न ठेवता नियमात ठेवा. उलाढालीची मर्यादा, तुकड्यांचा नियम, दरपत्रकाचा आदेश आणि बिलाची मुदत हे सर्वसाधारण सभेच्या ठरावानं खरेदी नियमावलीत घाला. योजनेचं गोंडस नाव देऊ नका, कारण नावाच्या योजना नव्या सत्तेला पहिल्यांदा डोळ्यांत खुपतात. या विषयासाठी खरेदी विभागातच एक माणूस नेमा. समाजकल्याणात नेमलात तर त्याला निविदा निघाल्यावर कळेल.

करार संपण्याच्या बाबतीतही हेच. प्रत्येक करारात लिहा की नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी लेखी कळवला जाईल, आणि नवा पुरवठादार आला तर आधीच्या कामगारांना कामावर घेण्याची पहिली संधी त्यानं द्यावी. ही दोन कलमं मसुद्यात घालायला अर्धा तास लागतो. ती नसली की मुदतवाढीच्या दर महिन्याच्या कागदावर शंभर माणसांचा पगार लटकत राहतो, आणि तो कागद ज्याच्या टेबलावर असतो त्याच्याकडे संस्थेच्या संचालकांच्या खेपा सुरू होतात.